वरचे दात

कोमलचं लग्न झालं ते साल दोन हजार त्रेचाळीस. बार्शीत ते लग्न लोकांच्या ध्यानात राहिलं ते जेवणामुळं नाही की मांडवामुळं नाही. बँडवाल्याच्या पोरीच्या लग्नात परक्याचा बँड लावला होता, म्हणून राहिलं.

कोमलचा बाप उत्तरेश्वर खंडागळे. लोखंडे ब्रास बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवली त्यानं. वरातीत तो पुढं असला की घोडासुद्धा चालीत पाय टाकतो, असं लोक म्हणायचे. पण लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात त्याचे पुढचे दात गेले. हिरड्या कधीच्याच सैल झाल्या होत्या. एकेक करत वरचे चारही पडले, खालचेही दोन गेले. क्लॅरिनेटचा माउथपीस वरच्या दातांवर टेकवून धरावा लागतो. दात नाहीत तर टेकू नाही, आणि टेकू नाही तर सूर नाही, नुसती फुसफुस. पाठवणीच्या वेळी परक्या पोरांनी पाठवणीची चाल वाजवली, तीही घाईनं, आणि उत्तरेश्वर मांडवाच्या खांबाला धरून तोंडावर उपरणं लावून उभा राहिला. लोकांना वाटलं बाप रडतोय. रडत तर होताच.

त्याच्या शेजारी त्याचा मामा मच्छिंद्र उभा होता. मामा म्हटलं की म्हातारा डोळ्यासमोर येतो, पण हा मामा भाच्याहून एकाच वर्षानं मोठा. मच्छिंद्रच्या आईला दूध नव्हतं. थोरली लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिनं एका अंगाला आपला उत्तरेश्वर धरला आणि दुसऱ्या अंगाला आपला वर्षाचा भाऊ. मामा-भाचे असे एका दुधावर वाढले. पुढं एकाच बँडमध्ये लागले. भाच्याच्या हातात क्लॅरिनेट आली आणि मामाच्या गळ्यात ड्रम. मामाचेही निम्मे दात गेले होते, पण ड्रमला दात लागत नाहीत. भिंतीला भिंत लावून दोघांची घरं. भाच्याची बायको गेल्यापासून चूलही एकच. मच्छिंद्रची बायको चंपामामी दोघांना एकाच ताटातल्यासारखं वाढायची आणि एकाच तोंडानं दोघांनाही बोलायची.

लग्न उरकल्यावर मामानंच भाच्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर रेवती उपळेकर बाई शांत होत्या. त्यांनी सगळे मार्ग समोर मांडले. पहिली कवळी. ती उत्तरेश्वरनं करून पाहिली होती. जेवायला चालायची, पण क्लॅरिनेटमध्ये फुंकर मारली की कवळीच आधी बाहेर यायची. एकदा तर बारशाच्या जेवणात यजमानाच्या पानात जाऊन पडली होती. दुसरा मार्ग म्हणजे शेजारच्या दातांना धरून पूल बांधायचा. पण शेजारचेच हलत होते, त्यांच्यावर पूल कोण उभा करणार? तिसरा, जबड्यात स्क्रू बसवून वर दात चढवायचा. तिथं बाई थांबल्या. उत्तरेश्वरच्या काळजाची झडप सहा वर्षांपूर्वी बदललेली होती.

बाईंनी समजावून सांगितलं. तोंडात जंतू असतातच. हिरडी कापली की ते रक्तात उतरतात. धडधाकट माणसाला त्यानं काही होत नाही, पण बदललेल्या झडपेवर ते जाऊन बसतात आणि तिथं घर करतात. म्हणून अशा माणसाचा साधा दात जरी काढायचा असला तरी आधी औषध द्यायचं, मगच हात लावायचा. जबडाभर स्क्रूचा धोका त्या घेणार नव्हत्या. मामानं हे नीट ऐकलं. भाच्यानंही ऐकलं.

मग बाईंनी चौथा मार्ग सांगितला. तो नवा होता. दोन-तीन वर्षांतच मोठ्या शहरांतून तालुक्याला आला होता.

माणसाला दोनदा दात येतात, दुधाचे आणि पक्के. पण हिरड्यांच्या पोटात तिसऱ्या खेपेचे कोंब जन्मभर निजलेले असतात. शरीरातलाच एक पदार्थ त्यांच्यावर हात ठेवून बसलेला असतो, उठू देत नाही. नवं औषध फक्त तो हात बाजूला करायचं. दंडात एक सुई. कापणं नाही, रक्त नाही. आठ-नऊ महिन्यांत स्वतःचा, मुळासकट दात.

“पण एक समजून घ्या,” बाई म्हणाल्या. “औषध अंगात वर्ष-दीड वर्ष राहतं. कोणता कोंब उठवायचा हे आपल्या हातात नाही, आणि उठलेला परत निजवता येत नाही.”

“निजवायचा कशाला बाई?” मामा हसला. “उठेना झालाय म्हणून तर आलोय.”

सुई झाली. त्या पावसाळ्यात काही दिसलं नाही. दिवाळीला हिरड्या शिवशिवायला लागल्या. माघात उत्तरेश्वरला लाळ गळायला लागली आणि तो जे हाताला लागेल ते चावायला लागला. उशीचं टोक, मामाची ड्रमची काठी. चंपामामी म्हणाली, “आता पाळणा तेवढा बांधायचा राह्यलाय. दुपटी मी शिवते.” गल्लीतल्या बाया मुद्दाम त्याच्यासमोर अंगाई म्हणायच्या. उत्तरेश्वरही हसायचा. कोमलचा फोन आला की तिला सांगायचा, तुझ्या डोहाळजेवणाला मीच वाजवणार. तेव्हा तिला दिवस गेले नव्हते. चैत्रात गेले.

आणि चैत्रातच दात दिसला.

उत्तरेश्वर आरशासमोर बसलेला असताना मच्छिंद्र दाढी करायचं पाणी घेऊन आत आला. भाच्यानं झटकन तोंड मिटलं आणि पाठ केली. मामाला वाटलं दुखतंय. भाचा मानेनंच नाही म्हणाला, आणि तोंडावर हात धरून, भिंतीकडं बघत म्हणाला, “मामा, तू बाहीर जा. मामीकडनं काशाच्या ताटलीत तेल आण आधी.”

मच्छिंद्रला उमगायला थोडा वेळ लागला. मग त्याला हसू आवरेना.

त्यांच्यात एक रीत होती. बाळाला आधी खालचे दात यावेत. वरचे आधी आले तर ते मामाला जड. तसे आलेच, तर मामानं बाळाचं तोंड सरळ बघायचं नाही; काशाच्या ताटलीतल्या तेलात बघायचं, मग चांदीच्या वाटीनं दूध पाजायचं आणि ती वाटी बाळाला देऊन टाकायची. उत्तरेश्वर तान्हा असताना त्याचे वरचेच दात आधी आले होते. घरात ना चांदी होती ना काशाची ताटली. रीत राहिली. त्याच उन्हाळ्यात मच्छिंद्रचा थोरला भाऊ, चौदा वर्षांचा भगवान, विहिरीत पाय घसरून गेला. शेवंताआक्का मरेपर्यंत पोराला जेवू घालताना सांगत राहिली, तू वरच्या दातानं आलास आणि माझा भगवान नेलास. चिडून नाही, सहज सांगायची. पाऊस कुठल्या साली जास्त झाला हे सांगावं, तसं.

मच्छिंद्रनं हे सगळं शेकडो वेळा ऐकलं होतं आणि कधी मानलं नव्हतं. भगवान पोहायला शिकला नव्हता, इतकंच. तो मोबाईलची बॅटरी लावून पुढं झाला, भाच्याचा हात ओढून बाजूला केला, दोन बोटांनी ओठ वर केला आणि सरळ तोंडात बघितलं. वरच्या हिरडीत ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे दोन.

“बघितलं,” तो म्हणाला. “आता काय करतोस? सदुसष्ट वर्षाचा मामा खाणार हाईस का? चिवट लागंल लेका.”

उत्तरेश्वर हसला नाही.

पुढच्या तपासणीला मामानंच ही गोष्ट बाईंना गंमत म्हणून सांगितली. बाई पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांत बहुतेकांचे वरचेच आधी येतात. वरच्या जबड्याचं हाड जाळीदार असतं, कोंबाला वाट लवकर मिळते. खालचं हाड टणक, तिथं वेळ लागतो. औषध तपासताना रक्त तपासलं, हाडं तपासली, पण मामाचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. साठीपुढच्या माणसाला मामा असतोच कुठं?

ते खरंच होतं. बार्शीत त्या वर्षी सुई घेतलेले पुष्कळ जण होते, सगळ्यांचे वरचेच आधी आले, आणि सगळ्यांचे मामा कधीच मातीत गेलेले. लोक त्यावरून विनोद करायचे. सराफांनी म्हाताऱ्यांसाठी म्हणून चांदीच्या वाट्या काढल्या, नातवंडं त्या हौसेनं आणायची. जिवंत मामा असा अख्ख्या गावात एकट्या उत्तरेश्वरला होता.

जूनपर्यंत चारही वरचे दात अर्धे अर्धे आले. एका दुपारी त्यानं क्लॅरिनेटला वेताची नवी पत्ती लावली आणि माउथपीस दातांवर टेकवला. पहिला सूर फाटला. दुसरा लागला. मच्छिंद्र जेवत होता, तो खरकट्या हातानं ताट घेऊनच दारात आला. भाचा कोमलच्या पाठवणीची चाल वाजवत होता. वर्षभर उशिरा, पण घाई न करता. मामानं ताटावरच बोटांनी ठेका धरला. चंपामामी पदरानं डोळे पुसत म्हणाली, ताट फुटंल. स्टीलचं ताट.

त्यानंतर पंधरवड्याच्या आतच मच्छिंद्र आजारी पडला. भर पावसात एका उद्घाटनाला वाजवून आला, छातीत कफ धरला, न्यूमोनिया झाला. सोलापूरच्या दवाखान्यात त्याला नळ्या लावून ठेवलं. दोनदा घरच्यांना बोलावून घेतलं आणि आशा सोडा असं न म्हणता सगळं सांगून टाकलं. उत्तरेश्वर पहिले चार दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. मग बार्शीला जाऊन येतो म्हणाला आणि गेला, तो चार-पाच दिवसांनी परत आला. गालाला सूज होती. मामीनं विचारलं तर म्हणाला, दाढ ठणकतीया.

मच्छिंद्र वाचला. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडलं. ढोलकीसारखी छाती होती म्हणून टिकला, असं दुसरा एक जण म्हणाला.  उत्तरेश्वर फक्त मामाकडं बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत असं समाधान होतं की मच्छिंद्रला वाटलं, भाच्यानं कुठं नवस केला असणार.

घरी आल्यावर मच्छिंद्रच्या लक्षात आलं की भाचा ओठ मिटून हसतो. क्लॅरिनेट काढत नाही. गणपती तोंडावर आले, तरी सराव नाही. विचारलं की अंग कणकणतंय म्हणायचा. संध्याकाळ झाली की त्याचं अंग तापायचं, सकाळी उतरायचं. त्यानं ते मामीलाही कळू दिलं नव्हतं.

शेवटी मच्छिंद्रनंच क्लॅरिनेटची पेटी उघडली. फडकं मारून ठेवावी, एवढाच हेतू. पत्त्या ठेवायच्या डबीत पत्त्या नव्हत्या. चार दात होते. शुभ्र, नवे, कड अजून करवतीसारखी. लहान पोरांच्या नव्या दातांना असते तशी. मुळं आखूड, पोकळ. पेटीच्या कप्प्यात चाव्या दुरुस्त करायची बारकी पक्कड होती. तिच्या तोंडाला काळं काहीतरी वाळलं होतं.

मच्छिंद्रनं ते चारही दात तळहातावर ओतून घेतले.

भाचा बाहेरून आला, त्यानं उघडी पेटी बघितली आणि मामाच्या समोर येऊन बसला. 

“बाईंनी काय सांगितलं हुतं तुला?” मच्छिंद्रनं विचारलं. “औषध घेतल्याबिगार दाताला हात लावायचा न्हाई म्हणून?”

“बाईंकडं गेलो हुतो. काढा म्हणलं. चांगले दात काढणार न्हाई म्हणल्या.”

“मग?”

“मग काय. कच्चे हुते. सहज आले.”

“आरं पण मी मानत न्हाई ते. मी हसलो हुतो तुझ्या तोंडावर.”

“तू मानत न्हाईस, तुझं बरं हाय,” उत्तरेश्वर म्हणाला. “तू मेला असतास तर मला मानावं लागलं असतं. दुसऱ्यांदा.”

 मच्छिंद्र वाचला होता. भाच्याच्या हिशेबाला यापेक्षा मोठा पुरावा कोणता दाखवणार होता तो? मरून दाखवलं असतं तरच दात उपटणं चुकीचं ठरलं असतं, आणि मेला असता तर वरचे दात मामाला जड हेच खरं ठरलं असतं.

त्यानं भाच्याला दुसऱ्याच दिवशी बाईंकडं ओढत नेलं. बाईंनी छातीवर नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सोलापूरला न्यायला सांगितलं. तिथं यंत्रावर झडप दिसली. तिच्यावर जंतूंचा थर बसला होता, शेवाळ बसावं तसा. औषधं शिरेतून सुरू झाली. पुन्हा झडप बदलायची तर शरीरात तेवढी ताकद यायला हवी, म्हणाले. ताकद येत नव्हती.

आणि त्यातच भाद्रपदात वरची हिरडी पुन्हा फुगली.

बाई मुद्दाम भेटायला आल्या होत्या, त्यांनीच बघून सांगितलं. औषध अंगात राहिलं होतं. पहिले कोंब ओढून काढले, तर मोकळ्या झालेल्या वाटेनं त्यांच्या मागचे घाईनं उठले. वरचेच. हे होणारच होतं का, असं मच्छिंद्रनं विचारलं. बाई म्हणाल्या, सांगता येत नाही, इतक्या लवकर कोणी काढलेच नव्हते. थांबवता येईल का? नाही. निजवता येईल का? त्यांनी मान हलवली. मच्छिंद्रला सुईच्या दिवशीचा आपला विनोद आठवला. तो उठून बाहेर गेला आणि नळाला तोंड लावून उगाच पाणी पीत राहिला.

उत्तरेश्वरचा एकच ध्यास सुरू झाला. जीभ सारखी हिरडीवर फिरायची. पक्कड घरी होती, ती आण म्हणायचा. नर्स गेली की नखानं कोरायचा. मच्छिंद्र मग खाटेला खुर्ची लावून बसला आणि भाच्याचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले. बघणाऱ्याला वाटायचं, काय ही माया. तो राखण करत होता.

शेवटी त्यानं मामीला सांगून घरून काशाची ताटली मागवली, चांदीची वाटी घ्यायला लावली. आयुष्यभर जे मानलं नाही ते करायला बसला. ताटलीत तेल ओतलं, ती भाच्याच्या तोंडाखाली धरली आणि वाकून तेलात बघितलं. तेलात दवाखान्याचा दिवा तेवढा दिसला. तरी तो म्हणाला, “दिसले. चांगले हाईत.” मग वाटीनं दोन घोट दूध पाजलं. निम्मं ओघळलं. वाटी भाच्याच्या हातात दिली.

“फिटलं बघ आता,” मच्छिंद्र म्हणाला.

उत्तरेश्वर वाटीकडं बघत राहिला. “हे आधी करायचं असतंय मामा,” तो हळू म्हणाला. “सरळ बघायच्या आधी.”

कोमल सातव्या महिन्याची, लातूरहून गाडी करून आली. डोहाळजेवण झालंच नव्हतं. नको म्हणाली होती. बापाच्या उशाशी बसून तिनं चाल गुणगुणली, तिच्याच पाठवणीची. उत्तरेश्वरची बोटं चादरीवर हलली, चाव्या दाबल्यासारखी. मग तो तिला म्हणाला, तुला भाऊ न्हाई त्ये बरं झालं. तुझ्या लेकराचे दात कसं बी येऊ देत.

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली आणि गावोगाव वराती सुरू झाल्या. सोलापुरात दवाखान्याच्या खालच्या रस्त्यावरूनही एक गेली. क्लॅरिनेटवाला पोरगा तरुण होता, सगळे दात असलेला, आणि तरीही बेसूर वाजवत होता. मच्छिंद्रनं खिडकी लावून घेतली. वळून बघितलं तर भाचा ऐकत होता आणि त्याच्या कपाळावर आठी होती. सूर चुकला की असायची तशी. मच्छिंद्रनं खिडकी पुन्हा उघडली.

भाच्याला शेवटचं न्हाऊ घालताना मच्छिंद्रनंच तोंड पुसलं. ओठ थोडा उघडा होता. आत वरचे चारही दात पुरते आले होते, सरळ, एका रांगेत, क्लॅरिनेट टेकवायला हवेत तसे. खालच्या हिरडीत अजून काही नव्हतं. या वेळी त्याला कोणी बघू नको म्हणालं नाही.

मिरवणुकीत पुढं ड्रम त्यानंच वाजवला. क्लॅरिनेटची जागा मोकळी सोडली होती.

उत्तरेश्वर किसन खंडागळे बुधवारी, ९ नोव्हेंबर २०४४ रोजी सकाळी सोलापुरात वारला. त्याचा मामा मच्छिंद्र लोखंडे बार्शीत असतो. त्याची तब्येत चांगली आहे.